चार सेकंदांचं यंत्र

धरणापूरचे पोलीस आयुक्त दाभाडकर एका हवालदार बाईवर जळायचे. साहेबांची गाडी गेली तरी पानवाला मान वर करत नसे. हवालदार कौसल्याबाई खिलारे चालत आल्या, की अख्खी वस्ती "मावशी, चहा घ्या" म्हणत उठायची.

साहेबांनी मुद्दाम बाईंच्याच वस्तीत खांबाखांबावर गोळीचा आवाज टिपणारी यंत्रं बसवली. लग्नसराईत फटाक्यांमागे तीनदा फौज धावली, तरी साहेबांचा तोरा कायम!

मंत्री पाहणीला आले. साहेबांनी हवेत बार काढला. चार सेकंदांत घंटा वाजली.

"कौसल्याबाई," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "गोळी सुटली हे तुम्हाला कळायला किती वेळ लागतो?"

बाईंनी सीलबंद पिशवी टेबलावर ठेवली. आत गावठी कट्टा होता आणि एक न झाडलेली गोळी.

"काल दोन भाऊ नळावरून भांडले. थोरल्याने हा बाहेर काढला. धाकट्याच्या बायकोने मला बोलावलं, मी जाऊन काढून घेतला."

"मग यंत्राला कसं कळलं नाही?" मंत्र्यांनी विचारलं.

"ते गोळी सुटायची वाट बघतं, साहेब. मला तेवढा धीर नाही."

मंत्र्यांनी आपला कप पुढे सरकवला. "मावशी, चहा घ्या."

दाभाडकरांचा चहा तसाच निवत राहिला.