पेन ड्राइव्ह कोणी अडवला?

एका शाळेच्या संगणकात पूर्वी बरेच प्रोग्राम गुण्यागोविंदाने राहत. एकदा स्नेहसंमेलनाची गाणी घेऊन पेन ड्राइव्हला मंडपात जायचं होतं. मुलं नटूनथटून खोळंबली होती. पण संगणक म्हणाला, "थांब! तुला कुणीतरी धरून ठेवलंय. तसाच निघालास तर गाणी खराब होतील."

अपराधी हुडकायला फाइली शोधणारा शोध्या पुढे सरसावला. तो थेट पेन ड्राइव्हवरच मांडी ठोकून बसला आणि गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामला दरडावू लागला, "गाणाऱ्या, तूच ना?"

"मी केव्हाचा गप्प आहे, दादा."

तो चित्रं काढणाऱ्या प्रोग्रामकडे वळला. "मग चितारी, तू!"

"मी तर याला आज पहिल्यांदाच बघतोय!" चितारी रडकुंडीला आला.

शोध्याने दोघांनाही हाकलून दिलं, तरी पेन ड्राइव्ह सुटेना. बाहेर मुलांनी कालवा सुरू केला.

तेव्हा सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या टास्क मॅनेजर मावशी म्हणाल्या, "अरे, मला विचारायचंस तरी! गाणाऱ्याने नकळत धरलं होतं, ते तो गेला तेव्हाच सुटलं. आता एकानेच धरलंय त्याला."

"नाव सांगा, मावशी! आत्ता बाहेर काढतो."

"बाहेर नको काढूस, बाळा. नुसता ऊठ."

शोध्या गुपचूप उठला. थोड्याच वेळात मंडपात ढोलकी कडाडली, आणि शोध्या हाकललेल्या दोघांना शोधायला निघाला.