विमान उडेना, ताई भेटेना

एक होती मुंगी. तिळाएवढी. म्हणून तिचं नाव तिळी.

तिळीला एक ताई होती. राळीताई. दोघी जिथे तिथे बरोबर. पुढे राळीताई, मागे तिळी. तुरुतुरु, तुरुतुरु.

दोघी राहायच्या कालव्याकाठी, एका ओट्याच्या फटीत. त्या ओट्यावर कार्तिकी नावाची मुलगी रोज आपलं विमान आणून ठेवायची. पांढरंशुभ्र, थर्माकोलचं, रिमोटवर उडणारं विमान. कार्तिकी चिक्की खात खात ते न्याहाळत बसायची. चुरा सांडायचा. मुंग्यांची चंगळ व्हायची.

एक दिवस काय झालं? राळीताई विमानाच्या पंखावर चढली. तिळी चुरा वेचायला खाली उतरली. तेवढ्यात घर्रर्र, विमान उडालं. कालव्याच्या पलीकडे गेलं. धप्प, गवतात पडलं. कार्तिकी पडली शिकाऊ. तिचं विमान रोज पलीकडेच पडायचं. मग ती पुलावरून जाऊन ते घेऊन यायची.

विमान परत आलं. राळीताई आली नाही.

मध्ये कालव्याचं पाणी. पूल लांब, फार लांब. मुंगीच्या पायांनी दिवाळी उजाडली असती. तिळीला करमेना. पुढे चालायला ताईच नाही, मग मागे चालायचं कुणाच्या?

त्या संध्याकाळी तिळीला चिक्कीचा एक मोठ्ठा दाणा मिळाला. गोड, कडक. तिने तो चाटलासुद्धा नाही. ताईसाठी नेला आणि एका छान काळ्या फटीत लपवून ठेवला. तिने ठरवलं, आता विमान उडेल तेव्हा आपण पंखावर बसायचं. दाणा घ्यायचा आणि ताईकडे जायचं.

पण दुसऱ्या दिवशी विमान उडेना. तिसऱ्या दिवशीही उडेना. नुसतं टीं टीं टीं करत राहिलं.

चौथ्या दिवशी कार्तिकीने सुलूआत्याला बोलावलं. सुलूआत्या गावातल्या विहिरींच्या मोटरी दुरुस्त करायची. तिने बॅटरी बघितली. भरलेली. वायरी ओढून बघितल्या. घट्ट. "ह्याला झालंय तरी काय?" आत्या म्हणाली. मग आत्या आणि कार्तिकी, दोघी हनुवटीला हात लावून बसल्या.

तिळीने त्यांची वाट बघितली नाही. ती निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. विमानाच्या नाकावर पंखा होता. त्याच्याकडे गेली.

"पंखादादा, पंखादादा, फिर ना. विमान उडेना, राळीताई भेटेना."

पंखा म्हणाला, "मी नाही फिरत जा. मोटर घुमेल, तर मी फिरेन."

तिळी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मोटरकडे गेली.

"मोटरमावशी, मोटरमावशी, घूम ना. पंखा फिरेना, विमान उडेना, राळीताई भेटेना."

मोटर म्हणाली, "मी नाही घुमत जा. डबी वीज सोडेल, तर मी घुमेन."

तिळी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. विमानाच्या पोटात एक चपटी डबी होती. बॅटरीतली सगळी वीज हिच्या ताब्यात. टीं टीं टीं करत होती ती हीच.

"डबीकाकू, डबीकाकू, वीज सोड ना. मोटर घुमेना, पंखा फिरेना, विमान उडेना, राळीताई भेटेना."

डबी म्हणाली, "मी नाही सोडत जा. कान शून्य सांगेल, तर मी सोडेन. शून्य म्हणजे जोर बंद, तिथूनच सुरुवात. एकदम वीज सोडली आणि कुणाचं बोट पंख्यात गेलं, तर गं?"

तिळी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. डबीच्या शेजारीच विमानाचा कान होता. त्याला तारेची बारीक शेपटी. रिमोट लांबून बोलायचा आणि कान ऐकायचा.

"कानमामा, कानमामा, शून्य सांग ना. डबी वीज सोडेना, मोटर घुमेना, पंखा फिरेना, विमान उडेना, राळीताई भेटेना."

कान म्हणाला, "मी नाही सांगत जा. रिमोट शून्य म्हणेल, तर मी सांगेन. न ऐकलेलं सांगायची मला सवय नाही."

तिळी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पंखावरून खाली, ओट्यावरून पुढे. रिमोट उन्हात पाय पसरून पडला होता.

"रिमोटआजोबा, रिमोटआजोबा, शून्य म्हणा ना. कान शून्य सांगेना, डबी वीज सोडेना, मोटर घुमेना, पंखा फिरेना, विमान उडेना, राळीताई भेटेना."

रिमोट म्हणाला, "मी नाही म्हणत जा. कांडी खाली बसेल, तर मी म्हणेन."

तिळी निघाली. तुरुतुरु... तुरु... पाय दुखायला लागले. रिमोटवर एक कांडी होती. वर सरकवली की विमान जोरात, खाली सरकवली की हळू.

"कांडीताई, कांडीताई, खाली बस ना." ताई म्हणताना तिळीने एकदा कालव्यापलीकडे बघितलं. मग ती म्हणाली, "रिमोट शून्य म्हणेना, कान शून्य सांगेना, डबी वीज सोडेना, मोटर घुमेना, पंखा फिरेना, विमान उडेना, राळीताई भेटेना."

कांडी म्हणाली, "मी नाही बसत जा. दाणा बाजूला होईल, तर मी बसेन. बसायला गेलं की टोचतो मेला."

तिळीने वाकून बघितलं. कांडीच्या खाली एक छान काळी फट होती. फटीत एक मोठ्ठा दाणा होता. चिक्कीचा. गोड, कडक.

फट तिळीच्या ओळखीची होती. दाणाही ओळखीचा होता.

तिळी अगदी हळू आवाजात म्हणाली, "दाण्या, दाण्या, बाजूला हो ना. कांडी खाली बसेना, रिमोट शून्य म्हणेना, कान शून्य सांगेना, डबी वीज सोडेना, मोटर घुमेना, पंखा फिरेना, विमान उडेना, राळीताई भेटेना."

दाणा म्हणाला, "मी नाही होत जा. ज्याने ठेवलं तो काढेल, तर मी निघेन."

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणी नव्हतंच.

तिळीने दाणा ओढला. ऊं... ऊं... हलेना. उन्हाने गूळ पाघळला होता आणि दाणा फटीला चिकटला होता. आता तो फोडूनच काढायला हवा. पण फोडला तर ताईला काय द्यायचं? तिळीला रडू आलं. ती थोडी रडली. मग तिने स्वतःलाच विचारलं, दाणा हवा की ताई हवी?

ताई हवी.

कुरतड कुरतड. एक कण पडला. कुरतड कुरतड. दुसरा पडला. कुरतड कुरतड कुरतड. फट मोकळी झाली. शेवटचा इवलासा कण तेवढा तिळीने तोंडात धरला. गिळला मात्र नाही.

इकडे ऊन कलायला लागलं. आत्या म्हणाली, चल, उद्या बघू. कार्तिकी म्हणाली, फक्त एकदा. तिळीने ते ऐकलं आणि पळत सुटली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु. पंखावर चढली आणि घट्ट चिकटून बसली.

"एकदाच हं," आत्या म्हणाली. "पंख्यापुढून हात काढ. आणि कांडी पार खाली आण. वर जायचं असलं, तरी आधी खाली यावं लागतं."

कार्तिकीने रिमोट उचलला. कांडी खाली ओढली. टक.

कांडी खाली बसली. रिमोट शून्य म्हणाला. कानाने शून्य सांगितलं. टीं टीं थांबलं. कार्तिकीने कांडी हळूच वर सरकवली. डबीने वीज सोडली. मोटर घुमली. पंखा फिरला. घर्रर्र, विमान उडालं.

तिळीने डोळे मिटले. वारा भणभणला. खाली कालवा रिबिनीसारखा सरकला. धप्प. विमान गवतात पडलं.

"आजपण पलीकडेच," आत्या हसली.

तिथे एका पात्यावर राळीताई बसली होती. ती रोज तिथेच येऊन बसायची आणि आभाळाकडे बघायची.

"तिळे, किती वाट बघायला लावलीस गं."

तिळीला बोलता येईना. तोंडात कण होता ना. तिने तो ताईसमोर ठेवला.

"मोठा होता गं ताई. एवढासाच उरला."

राळीताईने कण उचलला. त्याचे दोन तुकडे केले. एक तिळीला दिला, एक स्वतः घेतला. मग दोघी विमानावर चढल्या. पुढे राळीताई, मागे तिळी. पुलावरून कार्तिकी धावत येत होती, त्यांना घरी न्यायला.

दाणा अर्धा अर्धा, गोष्ट मात्र पूर्ण.