साळूचं नुसतं 'हं'

एकदा काय झालं, डोहाकाठच्या गावात साळू नावाची बाई राहायची. तिला एकच लेक, येसू. साळू वाईट नव्हती, बरं का. पण चित्त कधी थाऱ्यावर नाही! हात सुपात, मन माहेरी. येसू दिवसभर बडबडायची आणि साळू नुसतं म्हणायची, "हं."

आता जुनी माणसं सांगतात, तिन्हीसांजेच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, ती डोहातलीची असते. पण साळूनं ऐकलं असेल तर ना!

एका सांजेला ती उंबऱ्याशी डाळ निवडत होती. दाराबाहेरून ओला ओला आवाज आला, "साळू गं, तुझी सावली नेऊ?"

"हं," साळू म्हणाली. सावली गेली. हिला पत्ताच नाही.

मग दुसऱ्या सांजेला आवाज आला, "साळू गं, तुझा चेहरा नेऊ?"

"हं."

त्यानंतर घागरीच्या पाण्यात तिचं तोंड दिसेना. पण बघतंय कोण!

मग तिसऱ्या सांजेला, "साळू गं, तुझी लेक नेऊ?"

"हं."

साळूनं ताटं वाढली. हाका मारल्या. येसू काही येईना. तेव्हा कुठे तिला तो ओला आवाज आठवला. धावत सुटली ती डोहाकडे.

तिथं पाण्यात पाय सोडून साळूच बसली होती! तोच चेहरा, तीच सावली. पोर बिचारी आईच समजून मागं आली होती. आणि आता भोवती तीन येसू, हुबेहूब.

"तुझी ओळख आणि ने," डोहातली म्हणाली. "चुकलीस तर माझी. सकाळी ती तुला काय सांगत होती? तेच विचार की तिघींना."

साळूला आठवेना. ती रडायला लागली. "मी ऐकलंच नाही गं बाळा. एक अक्षर ऐकलं नाही."

दोन येसू गोड हसल्या. "असू दे, आई." तिसरीनं गाल फुगवले आणि पाठ फिरवली.

"हीच माझी!" साळूनं तिला घट्ट धरलं. "रुसायला पोटचीच लागते!"

तशी डोहातली त्या दोघींसकट पाण्यात विरघळली, आणि साळूची सावली, चेहरा, सगळं परत आलं.

मग वाटेत साळूनं विचारलं, "काय गं सांगत होतीस सकाळी?"

येसू म्हणाली, "हेच, आई. की तुला सावली नाही."

पुढं मायलेकी सुखानं नांदल्या. चला, पांघरूण घ्या आणि झोपा बघू गुपचूप.