एकोणपन्नास ठिपके

अहो, आमच्या प्रकाशनातले बोंद्रे साहेब म्हणजे कॉम्प्युटरचे जाणकार, निदान त्यांच्या मते तरी. ऐंशी वर्षांच्या मंगळवेढेकर आजींनी तीन महिने खपून ठिपक्यांच्या रांगोळ्या टाइप केल्या होत्या. टिंब, मग जागा, परत टिंब, मग खालची ओळ. साहेबांनी 'जास्तीच्या जागा आणि ओळी काढा'वर टिक करून फाइल साध्या टेक्स्टमध्ये काढली, आणि सगळी टिंबं एका रांगेत आली. पुस्तक तर संध्याकाळी छापायला जाणार होतं.

आजी रडवेल्या झाल्या. साहेब म्हणाले, "एकही ठिपका गेलेला नाही, मोजून घ्या. गेली ती नुसती मोकळी जागा. तिच्यात होतं काय?"

आमची ऑपरेटर केतकी उठली. तिने पहिल्या, कमळाच्या रांगोळीच्या ठिपक्यांची रांग छापलेला कागद आणि पेन्सिल साहेबांपुढे ठेवली.

"मोजले, साहेब. एकोणपन्नास आहेत. आता एवढे जोडून आजींचं कमळ काढून द्या."

साहेबांनी पहिला ठिपका दुसऱ्याला जोडला, दुसरा तिसऱ्याला. कागदावर एक सरळ रेघ झाली. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

मग हळूच म्हणाले, "केतकी, आजींची मूळ फाइल परत घे आणि ती टिक काढ. आजींची एकही जागा हलवायची नाही."