ताऱ्याभोवतीचं कडं

फार पूर्वी एका ताऱ्याची ऊब अंधारात वाया जाताना पाहून आकाशातले दगड हळहळले. "त्याच्याभोवती कडंच बांधू या!" म्हातारा कातळ गरजला. हातात हात गुंफून सगळे उभे राहिले. छोटी गारगोटी तर हरखून गेली!

पण कडं जरासं कललं, आणि तारा त्याला ओढू लागला.

"आणखी घट्ट धरा!" कातळ ओरडला. धरलं, तसे सगळेच आगीकडे घसरले.

"आजोबा, फुगडी पुरे, झिम्मा घाला! हात सोडा आणि पळा!" गारगोटी म्हणाली.

"अगं, सुटलो तर पडू!"

गारगोटीनं हात सोडला आणि ताऱ्याभोवती सुसाट फेरी मारून ती परत आली. "बघा, पडले का?"

मग एकेक हात सुटला आणि सगळेच ऊब झेलत ताऱ्याभोवती पळू लागले.

आजही गारगोटी शेजारून गेली की कातळआजोबा धापा टाकत ओरडतात, "थांबू नकोस गं, मी आलोच!"