केरबा हेडमास्तरांचा रडण्याचा तास

जुईनं शुक्रवारी ताटातली भेंडी बाजूला सारत विचारलं, "आई, शाळेत रडलं तर चालतं का?" आणि हर्षदाची तीन दिवसांची झोप उडाली.

चालतं म्हणावं, तर पोरगी सोमवारी पहिल्याच दिवशी गळा काढणार. चालत नाही म्हणावं, तर आतल्या आत गिळणार, आणि हर्षदानं मोबाइलवर वाचलं होतं की गिळलेलं रडं तिसाव्या वर्षी बाहेर येतं. ती स्वतः एकतीस वर्षांची होती, त्यामुळे तिला ते खोटं वाटेना. बी.एस्सी. झालेली बाई, ॲसिडच्या बाटल्या न घाबरता हाताळलेली. पण सहा वर्षांच्या मुलीला हो किंवा नाही म्हणायची तिची छाती होईना.

सोमवार उजाडला. जुई वेण्या घालून घ्यायला पुढ्यात बसली. नव्या दप्तराचा बंद तिनं मुठीत आवळला होता.

"चालतं का नाही, सांग की. नाहीतर मी जायची नाही."

मग हर्षदानं कंगवा हातात घेतला आणि आपल्या आजोबांची, म्हणजे जुईच्या पणजोबांची गोष्ट सुरू केली. तांबरवाडीत ही गोष्ट घरोघरी येते, फक्त प्रत्येक घरात थोडी वेगळी शिजते.

फार वर्षांपूर्वी, म्हणजे पायात चपला घालून शाळेत निघालेलं पोर बघायला माणसं दारात उभी राहायची तेव्हा, तांबरवाडीच्या शाळेला एकच खोली होती. तिच्या अर्ध्यावर कौलं होती आणि अर्ध्यावर आभाळ होतं. तिथं केरबा शिंगटे मास्तर म्हणून आले. दुसरा मास्तर नव्हता म्हणून तेच हेडमास्तर झाले, आणि शिपाई नव्हता म्हणून घंटाही तेच देऊ लागले. घंटा कसली, चिंचेला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा.

जून महिना लागला की शाळेत रडारड सुरू व्हायची. साधीसुधी नाही. असं म्हणतात, की त्या आवाजानं पलीकडच्या गावचे बैल शेतात कुळवाची पाळी घालता घालता थांबायचे आणि चिमण्या महिनाभर नातेवाइकांकडं जाऊन राहायच्या. आधीच्या मास्तरांनी छडी वापरून बघितली होती. त्यानं रडं दुप्पट झालं आणि पोरं निम्मी झाली. पटावर चाळीस नावं, वर्गात सात डोकी.

त्यात सगुणा नावाची एक मुलगी होती. ती घाईनं रडायची नाही. पाणी पाजल्यासारखी, सावकाश, वाफ्यावाफ्यानं रडायची. तिच्यापुढं केरबा हेडमास्तर उकिडवे बसले आणि त्यांनी असं विचारलं, जे त्या आधी कुठल्या मास्तरानं विचारलं नव्हतं.

"सगुणाबाई, किती वेळ लागंल?"

सगुणानं हुंदका आवरून विचार केला. "जेवणाच्या सुट्टीपतूर."

"लई होतंय. गणित बुडंल."

भाजीच्या बाजारात व्हावी तशी घासाघीस झाली आणि शाळेच्या एका तासावर, म्हणजे चाळीस मिनिटांवर, सौदा ठरला. केरबांनी उठून फळ्यावर वेळापत्रक लिहिलं. साडेदहा ते अकरा दहा, रडणे. मग वाचन. मग गणित. नियमही सांगितले. रांगेत बसून रडायचं. मोठ्यानं रडायचं, मुसमुसणं चालणार नाही. नाक आपल्याच सदऱ्याला पुसायचं. टोला पडला की थांबायचं, आणि ज्याचं राहिलं असेल त्यानं उद्या यायचं.

कुंपणापाशी आया उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. त्यांनाही आत बोलावून मागच्या रांगेत बसवलं. "चोरून नको," केरबा म्हणाले, "तास आहे."

"आई, दुखतंय," जुई म्हणाली. हर्षदानं बघितलं तर एक वेणी कानाच्या वर गेली होती आणि दुसरी मानेवर आली होती. तिनं दोन्ही सोडल्या आणि पुन्हा सुरुवात केली.

तर काय झालं, की पोरं दुसऱ्या दिवशी आपणहून आली, कारण प्रत्येकाचं थोडं राहिलं होतं. पळून गेलेलीही आली. आठवडाभरात पटावरची चाळीसच्या चाळीस हजर झाली. पंधराव्या दिवशी मात्र पंचाईत झाली. रडूच येईना. पोरं डोळे मिटून जोर लावायची, एकमेकांना चिमटे काढून सुरुवात करून द्यायची, आणि हसायला लागायची. तेव्हा केरबांनी तो तास पुढच्या जूनपर्यंत कवितांना दिला.

असं म्हणतात, की ते सगळं पाणी चिंचेच्या मुळाशी गेलं, म्हणून त्या झाडाच्या चिंचेला मीठ लावावं लागत नाही. आपली आपणच खारट असते.

एका जूनमध्ये शिक्षण खात्याचे दिपोटी साहेब तपासणीला आले. फळा वाचून त्यांचा चष्मा नाकावर उतरला.

"शिंगटे, हे काय?"

"पहिला तास, साहेब."

"अभ्यासक्रमात कुठं आहे हा?"

"अभ्यासक्रमात न्हाई साहेब. पोरांत आहे."

साहेब खुर्ची ओढून बसले, की बघूच. टोला पडला. पोरांनी सूर लावला. पाच मिनिटांनी साहेबांची हनुवटी हलली. सातव्या वर्षी त्यांना बोर्डिंगात सोडून वडील मागं न बघता निघून गेले होते, आणि साहेबांनी ते तसंच दाबून ठेवलं होतं. आता सुटलं. टोला पडला तरी साहेब थांबेनात. केरबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, तास संपला. राहिलेलं उद्या."

साहेबांचा मुक्काम एक दिवसाचा होता. असं म्हणतात, की तो चार दिवसांवर गेला. जाताना शेरेबुकात त्यांनी लिहिलं, "पहिला तास समाधानकारक."

केरबा निवृत्त झाले त्या दिवशी शाल दिली, नारळ दिला आणि सगळं गाव रडायला लागलं. केरबांनी खिशातून घड्याळ काढलं आणि चिडून म्हणाले, "आत्ता कुठला तास चाललाय?" गाव गप्प झालं. त्यानंतरही दर जूनच्या पहिल्या दिवशी ते काठी टेकत यायचे आणि पहिला टोला स्वतः द्यायचे. हर्षदा त्याच टोल्यावर पहिलीत रडली होती. पुढं ती गावातच दिली. माहेर आणि सासर यांच्यामध्ये एक ओढा. तरी पाठवणीला सगळे रडले. आजोबा तेवढे घड्याळ हातात धरून उभे होते.

"आजोबा, तुम्ही कधी रडणार?" तिनं विचारलं होतं.

"माझा तास लागला न्हाई अजून."

एकशे एकावं वर्ष लागलं त्या जूनमध्ये त्यांनी टोल्याची सळई शाळेच्या आताच्या शेवाळे बाईंच्या हातात दिली आणि पहिलीच्या पोरांच्या रांगेत जाऊन मांडी घातली. टोला पडला आणि केरबा हेडमास्तर मोठ्यानं, नियमाप्रमाणे रडले. शेजारच्या मुलानं त्यांना आपली टोपी दिली, नाक पुसायला. असं म्हणतात, की त्या दिवशी बैल तर थांबलेच, एसटीही थांबली. अकरा दहाला टोला पडला. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "झालं माझं. काही राहिलं न्हाई."

पुढच्याच आठवड्यात ते गेले, झोपेत, वेळेवर.

"म्हणजे चालतं," जुई म्हणाली आणि दप्तराचा बंद सोडला. हर्षदानं वेण्या बघितल्या. पुन्हा वाकड्याच झाल्या होत्या, पण साडेदहाला पाचच मिनिटं उरली होती.

तांबरवाडीत आजही शाळेच्या पहिल्या दिवशी वेळापत्रकात सगळ्यात वर तेच लिहितात. पोरं चिंचेखाली रांगेत बसतात, आया मागच्या रांगेत, आणि रुळाच्या तुकड्यावर पहिला टोला देताना शेवाळे बाई म्हणतात, "केरबा गुरुजींच्या नावानं."

जुई रडली. अकरा मिनिटं रडली, नाक स्वतःच्याच बाहीला पुसलं, मग एक मुंगळा बघत बसली आणि शेजारणीनं दिलेला चिंचेचा कोवळा पाला चघळू लागली. टोला पडला.

"कुणाचं राहिलंय?" बाईंनी विचारलं.

जुईनं मागं वळून बघितलं. हर्षदाच्या तोंडावर ओढणी होती आणि खांदे हलत होते. जुईनं हात वर केला.

"तुझं राहिलंय का गं, जुई?"

"माझं झालं, बाई," जुई म्हणाली. "आईचं राहिलंय. तिला उद्या पण घेऊन येते."