जप्त झालेला ‘आय’

निंबगिरीच्या राजेसाहेबांनी इंग्रजीतला ‘आय’ जप्त केला!

एकटा ‘आय’ नव्हे, त्याची सगळी भावकीच. ‘माय’ गेला, ‘माइन’ गेला. इंग्रजीतही एक ‘मी’ असतो, ‘मला’ म्हणायला वापरतात, तोही गेला. गावात दवंडी फिरली, “हे चार शब्द फक्त सरकारांचे! दरबारात दुसऱ्या कोणाच्या तोंडून निघाले, तर इंग्रजी शिकवणारे गोविलकर मास्तर हद्दपार! घर सरकारजमा!”

आता, दुसऱ्याची जीभ घसरली तर मास्तरांनी का निघायचं? पण राजेसाहेबांना असले प्रश्न विचारायची निंबगिरीत पद्धत नव्हती.

झालं होतं असं. पुढच्या महिन्यात गोरा साहेब संस्थान बघायला येणार, म्हणून राजे तोलाजीराव आणि त्यांचे अकरा दरबारी इंग्रजी शिकायला बसले. पहिल्या दिवशी राजेसाहेबांना कळलं की ‘आय’ वाक्यात कुठेही बसवा, तो मोठ्या अक्षरातच लिहितात. स्वारी खूश! दुसऱ्या दिवशी जाडजूड खजिनदारांनी पाटीवर ‘आय ॲम खजिनदार’ लिहिलं, आणि तेही त्याच मोठ्या अक्षरात.

“म्हणजे आम्ही आणि हा पोट्या एकाच मापात?” तोलाजीराव कडाडले आणि तिथेच हुकूम सुटला. गुरुवारी दरबाराची परीक्षा ठरली. बोलायचं फक्त इंग्रजीत!

बुधवारी सारजा परटीण धुणं न्यायला आली तेव्हा मास्तर ओसरीवर डोकं धरून बसले होते. मास्तरांचं धुणं ती फुकट धुवायची आणि त्याबदल्यात दर खेपेला एक धडा घ्यायची. दीड वर्षात बाई ‘ही, हिम, हिज’ घडाघडा म्हणू लागली होती.

“सारजाबाई, संपलं सगळं,” मास्तर म्हणाले. “दिवाणजींना साधं स्वतःचं नाव सांगायचं तरी ‘माय’ लागतो. उद्या कोणीतरी चुकणारच. या वयात मी जाऊ कुठे?”

सारजाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पदरानं पुसलं आणि मग तिला एकदम हसूच फुटलं.

“मास्तर, उद्या दरबारी लोकांना एकच सांगा. हुकूम तंतोतंत पाळा म्हनावं. बाकीचं माज्यावर सोडा.”

गुरुवार म्हणजे दरबारच्या कपड्यांचा दिवस. सारजा गाठोडं घेऊन यायची, एकेक कपडा उंच धरायची आणि ज्याचा त्यानं ओळखून न्यायचा. कपड्यांवर बिब्ब्याच्या खुणा असायच्या, पण त्या खुणा तिच्याशिवाय कोणालाच वाचता येत नसत.

तिनं भर दरबारात गाठोडं सोडलं आणि तीन भोकांची एक बंडी वर धरली.

“हूज इज धिस?”

दिवाणजी अर्धे उठले. ‘मा...’ ओठांवर आला. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, घाम पुसला आणि ते खाली बसले.

“कुनाचीच न्हाई?” सारजानं राजेसाहेबांकडे बोट केलं. “मंग हिज!” आणि बंडी सिंहासनापुढे टाकली.

मग आमटीचे डाग पडलेलं खजिनदारांचं धोतर आलं. खजिनदारांनी छताकडे पाहिलं. “हिज!” सेनापतींची लोकरी कानटोपी आली. “हिज!” पुढे पुढे तर अकराही दरबारी एका सुरात ओरडू लागले, “हिज! हिज!” सिंहासनापुढे जुन्यापान्या कपड्यांचा ढीग झाला.

“अगं ए!” राजेसाहेबांचं इंग्रजी गळून पडलं. “या चिंध्या आमच्या?”

“सरकार, ‘माय’ म्हनायला या राज्यात दुसरं हाय कोन? सगळं तुमचंच की!”

तेवढ्यात गाठोड्याच्या तळातून राजेसाहेबांचा जरीचा शेला निघाला. मधोमध इस्त्रीएवढं भोक!

“हू डिड धिस?” तोलाजीराव गरजले. “हू?”

दरबाऱ्यांनी सारजाकडे पाहिलं. मग सारजानं नुसत्या भुवया उडवल्या आणि अकरा बोटं सिंहासनाकडे वळली.

“ही!”

“आम्ही? आम्ही जाळला?”

“सरकार,” सारजा हात जोडून म्हणाली, “ज्यानं जाळला त्याला ‘आय’ म्हनता येत न्हाई. त्यो शब्द तुमच्या कोठडीत हाय. आता निंबगिरीत कुनी काय बी फोडू दे, चोरू दे, जाळू दे, कबूल करनारा मानूस एकच उरला! उद्या गोऱ्या सायबाचं घड्याळ हरवलं, तर...”

राजेसाहेब सिंहासनावर चुळबुळले.

“पुरे! चारही शब्द सोडले! ज्याचे त्याला परत!” ते ओरडले. “आता सांगा, शेला कोणी जाळला?”

“आय डिड इट, सरकार!” सारजा ताठ मानेनं म्हणाली. “माय इस्त्री! सोमवारी लई तापली व्हती. तवापासून सांगायचं व्हतं, पर शब्दच जप्त!”

तोलाजीराव आ वासून बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि ते असे हसले की पगडी दिवाणजींच्या बंडीवर जाऊन पडली.

“माग, काय हवं ते माग! पण इंग्रजीत!”

सारजानं मास्तरांकडे पाहिलं. “ही इज माय टीचर. गिव्ह हिम हिज हाऊस. गिव्ह हिम हिज जॉब.”

“दिलं! दोन्ही कायमचं दिलं! पण स्वतःसाठी काहीच नाही मागितलंस?” राजेसाहेबांनी जरीचा शेला उचलून तिच्या हातात ठेवला आणि मिश्कीलपणे विचारलं, “आता सांग, हूज इज धिस?”

सारजानं कनवटीचा बिब्बा आणि सुई काढली, शेल्याच्या कोपऱ्यावर तिथल्या तिथे खूण उठवली आणि म्हणाली, “माइन!”